सुताचा दोष चातीच्या बुडाशी

यंत्रमागाच्या धंद्यात सूत खराब लागले की आरोपी आधीच ठरलेले असतात. मागवाला म्हणतो, सूतच कच्चे आहे. सूत व्यापारी म्हणतो, सायझिंग नीट झाले नाही. सायझिंगवाला म्हणतो, हवा कोरडी होती. गिरणीवाला म्हणतो, यंदा कापूसच असा आला. चौघेही आपापल्या जागी शपथेवर बोलतात, आणि नुकसान मात्र अखेर मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिराच्या माथी बसते. धागा तुटला की माग थांबतो, माग थांबला की त्याची मजुरी थांबते.

सुताची खरेदी-विक्री करता करता आम्हाला तीस वर्षे होत आली. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या तिन्ही पेठांत आमचा माल जातो. या काळात आम्हीही कित्येकदा वरीलपैकी एकेक वाक्य उच्चारले आहे, हे प्रथमच कबूल करतो. या लेखात एका अशा जागेची माहिती देण्याचा विचार आहे, जिचे नाव या भांडणात कोणीच घेत नाही. ती जागा म्हणजे रिंगफ्रेमवरील चातीचे बूड आणि त्यातले चमचा-दोन चमचे तेल.

एका कारागिराची तक्रार

गोष्ट २०१२ सालच्या उन्हाळ्यातील आहे. ४० नंबरच्या ताण्याच्या सुताचा एक मोठा लॉट आम्ही एका गिरणीकडून उचलला होता. भाव चांगला पाडून घेतला होता, त्यामुळे आम्ही खुशीत होतो. पंधरवड्यातच मालेगावच्या एका मागवाल्याची तक्रार आली. आम्ही सवयीने सांगितले, "सायझिंग बघा." पुढच्या आठवड्यात आणखी तिघे आले. एकाच्या कापडाला रंगविल्यावर उभ्या रेघा उमटल्या होत्या.

पहिला मागवाला पुन्हा आला तेव्हा त्याने जे सांगितले ते आम्ही विसरलो नाही. तो म्हणाला, "सेठ, सूत वाईट असते तर सगळेच तार तुटले असते. सायझिंग वाईट असती तरी सगळेच तुटले असते. आमच्याकडे ठरावीक तार तुटतात. एक तार दिवसातून दहा वेळा जोडावा लागतो, आणि त्याच्या शेजारचा बीम संपेपर्यंत हलत नाही. याचे उत्तर द्या."

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही गिरणीत गेलो. तेथे चहा झाला, प्रयोगशाळेचा कागद पुढे आला. नंबर बरोबर, मजबुती बरोबर, पीळ बरोबर. कागद खोटा नव्हता. परंतु तो सरासरीचा कागद होता. हजार चात्यांपैकी पाच-पंचवीस चात्यांचे सूत तपासायचे आणि त्यावरून हजारांचा हवाला द्यायचा, असा तो हिशेब. बिघडलेली चाती त्या पाच-पंचवीसमध्ये सापडली नाही तर कागद निर्मळच राहणार.

खात्यात फिरताना तेल घालणारे एक वयस्क कामगार भेटले. सगळे त्यांना काका म्हणत. आम्ही त्यांना मागवाल्याचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. काका म्हणाले, "शेठ, ठरावीक तार तुटतो म्हणजे ठरावीक चाती बिघडली आहे. कापसाला नावे ठेवून काय होणार?" त्यांनी देखभाल खात्याच्या सुपरवायझरला बोलावले. स्ट्रोबोस्कोप आणला गेला. हा एक झगमगणारा दिवा असतो. त्याच्या उघडझापेचा वेग चातीच्या वेगाशी जुळवला की फिरणारी चाती डोळ्यांना थांबलेली दिसते. जी मागे पडते ती हळूहळू सरकताना दिसते. १,००८ चात्यांच्या त्या एका फ्रेमवर चौदा चात्या मागे पडत होत्या. फ्रेम थांबवून त्या उपसल्या. काहींच्या बुडातले तेल काळे आणि घट्ट झाले होते, काहींच्या बुडात ते जवळजवळ नव्हतेच.

चाती उभी कशी राहते?

आमच्या उर्दू शाळेत चातीला तकला म्हणत. एखाद्याला वठणीवर आणणे याला "तकल्यासारखा सीधा करणे" असे बोलले जाई. चरख्याच्या जमान्यापासून लोकांना ठाऊक होते की चाती वाकडी असली तर सूत धड निघत नाही. आजच्या चातीचे दुखणे तेच आहे. फक्त वेग वाढला आहे.

आज रिंगफ्रेमवरील चाती मिनिटाला १६ ते २० हजार फेरे घेते, नव्या यंत्रांवर त्याहूनही अधिक. १८ हजार फेरे म्हणजे सेकंदाला ३०० फेरे. चातीभोवतीच्या कड्यावर, म्हणजे रिंगवर, ट्रॅव्हलर नावाची पोलादी तारेची बारीक कडी धावते. रिंग ३८ मिलिमीटर व्यासाची धरली तर ही कडी ताशी सुमारे १२९ किलोमीटर वेगाने फिरते. सूत त्या कडीतून ओवलेले असते.

एवढ्या वेगाने फिरणाऱ्या चातीला आधार दोनच ठिकाणी असतो. चातीचा खालचा भाग बोल्स्टर नावाच्या उभ्या, पोकळ, बुडाला बंद असलेल्या नळ्यात बसतो. नळ्याच्या तोंडाशी मानेचे बेअरिंग असते, त्यात बारीक रोलर असतात. तळाशी फुटस्टेप असते, म्हणजे चातीचे निमुळते टोक टेकण्याची वाटी. चातीचे, बाबिणीचे आणि त्यावर गुंडाळलेल्या सुताचे सारे वजन या टोकावर असते. नळ्यात तेल असते, आणि टोक व वाटी यांच्यामध्ये त्या तेलाचा पातळ पापुद्रा राहतो. पापुद्रा आहे तोवर धातूला धातू लागत नाही. तो फाटला की टोक झिजते, वाटी झिजते, आणि झिजेची पूड त्याच तेलात मिसळून पुढची झीज वाढवते.

तेलाचे दुसरे काम कमी लोकांना माहीत असते. बाबीण कधीही अगदी समतोल नसते. भरत जाईल तशी ती जड होते आणि थरथर निर्माण होते. चांगल्या चातीत तळाचा आधार किंचित हलू शकेल असा लवचिक ठेवलेला असतो आणि त्याच्याभोवतीचे तेल ती थरथर गिळून टाकते. तेल कमी झाले की थरथर गिळायला कोणी उरत नाही. ती मानेच्या बेअरिंगवर जाते, तेथून बाबिणीवर आणि बाबिणीवरून सुतावर.

थरथरीचे सुतावर काय होते?

चाती रिंगच्या बरोबर मध्यावर फिरली पाहिजे. ती डगमगली तर सुतावरचा ताण प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त होतो. सेकंदाला ३०० वेळा असा झटका बसणारे सूत एक तर फ्रेमवरच तुटते, नाही तर तुटत नाही पण अशक्त होते आणि त्यावर केस येतात. तुटलेले बरे, कारण ते कामगाराला दिसते. न तुटलेले अशक्त सूत पुढे निघून जाते.

दुसरा परिणाम पिळाचा. हिशेब सोपा आहे. चाती मिनिटाला १६,००० फेरे घेते आणि पुढच्या रोलरमधून मिनिटाला ६४० इंच सूत बाहेर येते, तर एका इंचात २५ पीळ पडतात. ४० नंबरला तेवढे साधारण लागतातच. आता घट्ट तेलामुळे किंवा खराब बेअरिंगमुळे चाती जड झाली, टेप तिच्यावरून घसरू लागली आणि चाती दहा टक्के मागे पडली. फेरे झाले १४,४००. रोलर मात्र पूर्वीइतकेच सूत देतो आहे. इंचात पीळ उरले साडेबावीस. हे सूत कमजोर असते आणि रंगही शेजारच्या सुतापेक्षा वेगळा घेते. कापडावरच्या उभ्या रेघा येथून येतात.

आता मागवाल्याच्या प्रश्नाचे उत्तर पाहा. एका बाबिणीवर ५० ग्रॅमच्या आसपास सूत असते. ४० नंबरचे ५० ग्रॅम सूत म्हणजे जवळजवळ ३,४०० मीटर. ताण्यात ते एकाच ताराच्या जागी जाते. म्हणजे एका वाईट चातीची एक बाबीण मागवाल्याला तो तार तीन किलोमीटरहून अधिक कापडभर जोडायला लावते, आणि शेजारचा तार चांगल्या चातीचा असल्यामुळे हलत नाही.

"शंभरात एखादी चाती वाईट असायचीच," असे गिरण्यांत सहज बोलले जाते. त्याचाही हिशेब करू. दोन किलोच्या आतबाहेरच्या कोनात सुमारे ३८ बाबिणींचे सूत जोडलेले असते. शंभर कोनांत ३,८०० बाबिणी, त्यांत ३८ वाईट. त्या विखुरल्या गेल्या तर जवळपास दर तीन कोनांपैकी एका कोनात दोष शिरतो. गिरणीच्या दृष्टीने एक टक्का, मागवाल्याच्या दृष्टीने तीन कोनांत एक! दोघेही खरे बोलत असतात आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

हा प्रश्न जुनाच आहे

रिंगफ्रेमची कल्पना अमेरिकेत १८२८ च्या सुमारास निघाली. परंतु पुढील चार दशके तिचा वेग चातीनेच अडवून धरला होता. जुन्या चातीचे दोन आधार यंत्राच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर असत, तेल वारंवार घालावे लागे आणि वेग साडेपाच हजारांपलीकडे नेला की चाती डगमगे. १८७१ साली सॉयर यांच्या चातीने वरचा आधार बाबिणीच्या पोटात नेला, चाती हलकी केली आणि वेग वाढला. त्याच दशकात रॅबेथ यांनी दोन्ही आधार एकाच नळीत आणले, त्याच नळीला तेलाचे भांडे बनविले आणि नळीला किंचित हलण्याची मोकळीक दिली. चाती आपला मध्य आपणच शोधू लागली. वेग दहा हजारांच्या घरात गेला. आजच्या बोल्स्टरचा पाया तोच आहे.

याचा आपल्या महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. लँकेशायरचे गिरणीवाले म्यूल यंत्राला चिकटून होते, त्या काळात, १८८० च्या दशकात, टाटा आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी नागपुरात रिंगफ्रेम चालवून पाहिल्या आणि नंतर गिरणीभर बसविल्या. ती गिरणी आता बंद झाली, परंतु धडा शिल्लक आहे. विलायतेत जे नाकारले गेले ते येथे चालले, कारण चातीचा आधार सुधारला होता आणि तो पाहण्याची नजर येथे होती.

पुढच्या काळातील सुधारणा याच दिशेने झाल्या. मानेच्या बेअरिंगचा व्यास ७.८ मिलिमीटरवरून ६.८ आणि काही चात्यांत ५.८ पर्यंत आला. टेप जिच्यावरून फिरते ती चातीची पुली लहान झाली. त्यामुळे त्याच वेगाला वीज कमी लागते आणि आवाज घटतो. परंतु जितकी नाजूक चाती तितकी तेलाची आणि मध्याची शिस्त कडक. नवी चाती आणून जुन्या सवयी ठेवल्या तर पैसे वाया जातात.

तेल कोणते, किती, केव्हा?

चातीचे तेल पातळ असते. साधारणपणे १० ते २२ या आयएसओ ग्रेडमधील तेल वापरले जाते. फार घट्ट तेल घातले तर चाती जड फिरते आणि बोल्स्टर तापतो. समजा, चातीमागे अर्धा वॅट वीज जास्त गेली. २५ हजार चात्यांच्या गिरणीत ती साडेबारा किलोवॅट होते, म्हणजे रोजची ३०० युनिट. उलट, वीज वाचविण्याच्या नादात मर्यादेपेक्षा पातळ तेल घातले तर पापुद्रा फाटतो आणि झीज वाढते. म्हणून चाती बनविणाऱ्याच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिला आहे, तोच घालावा. दोन तेलांची भेसळ तर मुळीच करू नये.

तेलाची पातळी पट्टी घालून मोजावी. कमी तेलाचे नुकसान वर सांगितलेच. जास्त भरलेले तेल उसळून टेपवर येते, टेप घसरते आणि पीळ पुन्हा कमी पडतो. एका टेपवर बहुधा चार चात्या असतात, म्हणजे एकीचे पाप चौघींना भोवते.

नव्या चातीचे पहिले तेल लवकर बदलावे लागते, कारण सुरुवातीच्या घासणीची पूड त्यात उतरते. त्यानंतरचे बदल काही हजार तासांनी, पुस्तकाप्रमाणे. तीन पाळ्यांची गिरणी वर्षाला आठ हजारांहून अधिक तास चालते, हे ध्यानात असू द्यावे. बदलताना नुसते वरून नवे तेल ओतणे म्हणजे गढूळ विहिरीत चांगले पाणी टाकणे. जुने तेल पंपाने खेचून काढावे, नळी धुवावी, मग नवे भरावे. तेलाचा पिंप उघडा ठेवू नये. खात्यात उडणारी रुई आणि दमट हवेतील पाणी हे दोन्ही तेलाचे शत्रू आहेत.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की प्रत्येक दोष चातीचा नसतो. वाकडी किंवा सैल बसणारी बाबीण, झिजलेली रिंग, ढिली टेप, वेडीवाकडी बसलेली धाग्याची कडी यांनीही हेच रोग होतात. आणि चातीवर गुंतलेले सूत ब्लेडने कापण्याची वाईट सवय चातीवर ओरखडे पाडते, मग बाबीण नीट बसत नाही.

व्यापाऱ्याने काय करावे?

आम्ही इंजिनिअर नव्हे. परंतु खरेदीदार म्हणून आम्ही त्या वर्षानंतर काही नियम पाळतो, ते सांगतो.

पहिला, गिरणीत गेल्यावर कार्यालयात बसून परत येत नाही. खात्यात जाऊन उजेडाच्या दिशेने फ्रेमकडे पाहतो. थरथरणारी बाबीण साध्या डोळ्यांना दिसते. तिची कड धूसर दिसते.

दुसरा, तेलाची वही मागतो. कोणत्या फ्रेमचे तेल कोणत्या तारखेला बदलले, कोणते तेल, किती चात्या काढल्या. वही दाखविण्यास टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच समजतो.

तिसरा, प्रयोगशाळेच्या कागदावर फक्त सरासरी पाहत नाही. सर्वांत कमी आकडा कोणता आणि पिळातील फरक किती, ते विचारतो.

चौथा, मागवाल्याला सांगून ठेवतो की वाईट निघालेला कोन फेकू नका. त्याची चिठ्ठी आणि लॉट नंबर जपून ठेवा. त्यावरून गिरणीला फ्रेमपर्यंत पोहोचता येते.

ज्यांना ऐपत आहे त्यांच्यासाठी नव्या फ्रेमवर प्रत्येक चातीवर नजर ठेवणारी यंत्रणाही मिळते. मागे पडलेली आणि वारंवार धागा तोडणारी चाती ती दाखवून देते. परंतु दाखविल्यावर बूड उघडून पाहणारा माणूस लागतोच.

शेवटी आमचाही हिशेब

त्या दिवशी चौदा चात्या निघाल्यावर गिरणीच्या मालकांना आम्ही जाब विचारला. काही महिने स्वस्त तेल आले होते, जुन्यावरच ओतले गेले होते, बदलण्याचे काम पुढे ढकलले होते. मालक लपविणारे नव्हते. ते म्हणाले, "शेठ, तुम्ही भाव कापलात, आम्ही तेल कापले."

आम्हाला राग आला. पण परतीच्या वाटेवर तो उतरला, कारण बोलणे खरे होते. किलोमागे दोन रुपये कमी करून घेतल्याचा आम्हाला अभिमान होता. ते दोन रुपये कोठून निघाले, हे आम्ही विचारले नव्हते.

गिरणीने फ्रेममागून फ्रेम थांबवून तेल बदलले, झिजलेल्या चात्या काढल्या. पुढच्या लॉटची तक्रार आली नाही. आम्ही मागवाल्यांना फरक भरून दिला. परंतु त्यांच्या मागांवर मीटरने काम करणाऱ्या कारागिरांचे जे तास तार जोडण्यात गेले, ते कोणत्याच बिलात नव्हते. ते ना गिरणीने दिले, ना आम्ही. "सायझिंग बघा" हे आमचे दोन शब्द त्यांना कित्येक दिवसांच्या मजुरीला पडले.

म्हणून आमच्या व्यापारी बंधूंना एवढीच विनंती. भाव जरूर करा, तो आपला हक्क आहे. परंतु भाव ठरविताना एक प्रश्न विचारा: चातीचे तेल शेवटचे केव्हा बदलले? आणि कारागीर तक्रार घेऊन आला तर आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्या. ठरावीक तार तुटतो, हे काकांच्या आधी त्यानेच ओळखले होते. धंद्यातली बरकत अशा न दिसणाऱ्या जागी सांभाळावी लागते. चातीचे बूड ही तशीच एक जागा आहे.